न्हाणीघरातलं विसण : विजेचा शॉवर की मिक्सर?

विसण हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही, पण ती गोष्ट मात्र रोज सकाळी घरोघर घडतेच. बंबातलं कढत पाणी घंगाळात काढायचं, त्यात तांब्या-तांब्यानं गार पाणी घालायचं, बोटं बुडवून अदमास घ्यायचा आणि "चला, पाणी काढलंय" अशी हाक मारायची. सासूबाईंना किती कढत लागतं, धाकट्याला किती कोमट चालतं, हे सगळं त्या हाताला पाठ असायचं. आता बंब माळ्यावर गेला, नाही तर कुणाच्या दिवाणखान्यात शोभेला येऊन बसला. न्हाणीघराची बाथरूम झाली. पण विसण घालण्याचं काम काही संपलेलं नाही. ते कुणी तरी करायलाच हवं. एक तर वीज करील, नाही तर भिंतीतली तोटी.

बाथरूम नव्यानं करायला काढली की दुकानदार नेमकं हेच विचारतो, फक्त त्याच्या भाषेत. "ताई, इन्स्टंट देऊ की स्टोरेज आणि मिक्सर?" त्याच्या मागच्या भिंतीवर चकचकीत शॉवर टांगलेले असतात, ताटाएवढे मोठे, पावसासारखी धार देणारे. यजमानांची नजर त्यांच्यावर खिळलेली असते. अशा वेळी आपण गप्प राहिलो, की पुढची दहा वर्षं सकाळच्या गोंधळाला तोंड द्यायचं आपल्यालाच! तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरीच थोडा विचार केलेला बरा.

आधी नावांचा घोळ मिटवू. मिक्सर म्हटल्यावर आपल्यापैकी निम्म्या जणींच्या डोळ्यांपुढे चटणीचं भांडं येतं. हा तो नव्हे. गरम पाण्याचा एक नळ आणि गार पाण्याचा एक नळ भिंतीतून येऊन एका तोटीत मिळतात, आणि चाक किंवा दांडी फिरवून आपण दोन्ही हवं त्या प्रमाणात मिसळतो, तो हा मिक्सर. त्याला आधीच तापलेलं पाणी लागतं, म्हणजे मागे साठवणीचा गिझर असला पाहिजे. विजेच्या शॉवरची गोष्ट उलटी. त्यात फक्त गार पाणी शिरतं आणि वाहता वाहता तापून बाहेर पडतं. साठा नाही, म्हणून विसणाची गरज नाही. आपल्याकडचा तीन लिटरचा इन्स्टंट गिझर हा त्याचाच धाकटा भाऊ.

इंग्लंडात हे विजेचे शॉवर घरोघर दिसतात. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत त्या महिना-दोन महिने राहून आल्या, की कौतुकानं सांगतात. भिंतीवर एक पांढरी पेटी असते, छतापासून लोंबणारी दोरी ओढली की दिवा लागतो, आणि क्षणात गरम पाणी! "आपल्याकडे का नाही मिळत असं?" हा प्रश्न मग ठरलेलाच. त्याचं उत्तर तारेत आहे. तिकडचा शॉवर साधारण साडेआठ ते साडेदहा किलोवॉटचा असतो. त्याच्यासाठी मीटरच्या पेटीपासून थेट वेगळी जाडजूड तार ओढलेली असते आणि तिच्यातून चाळीस अँपिअरच्या आसपास वीज वाहते. आपल्या बाथरूमबाहेरचा जो मोठा प्लग असतो, तो १६ अँपिअरचा. त्याच्यावर साडेतीन किलोवॉटच्या वर काही चालवता येत नाही. म्हणून आपले इन्स्टंट गिझर तीन किलोवॉटवर थांबतात. साडेचार किलोवॉटचेही मिळतात, पण त्यांना २० अँपिअर लागतात. ते नेहमीच्या प्लगवर लावणं म्हणजे एक दिवस प्लग काळा पडलेला पाहणं.

आता बादल्यांचा हिशेब

हिवाळ्यात सकाळी आपल्या टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. नाशिककडे थंडीचा कडाका पडला की त्याहूनही खाली जातं. अंगावर सोसेल असं ऊन पाणी म्हणजे सुमारे ४० अंश. ते २० अंशांचं अंतर तोडायचं असेल तर तीन किलोवॉटचा गिझर मिनिटाला साधारण दोन लिटर पाणी देऊ शकतो, फार तर सव्वादोन. त्यात कुठल्या कंपनीचा जास्त आणि कुठल्याचा कमी असं काही नसतं. पाणी तापायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, मग पेटीवर जाहिरातीत काहीही छापलेलं असो. शॉवरखाली बरं वाटायला मिनिटाला निदान सहा-आठ लिटर हवेत. म्हणजे थंडीत इन्स्टंट गिझरवर शॉवर सोडला, तर एक तर भरपूर गार पाणी, नाही तर गरम पाण्याची करंगळीएवढी धार. मे महिन्यात तोच गिझर दुप्पट पाणी देतो, पण तेव्हा ऊन पाणी हवं आहे कुणाला?

पण हाच गिझर बादलीखाली धरा. १५ लिटरची बादली सात मिनिटांत भरते. एक जण आंघोळ करत असताना दुसऱ्याची बादली लागलेली असली, की चौघांची आंघोळ अर्ध्या तासात उरकते, आणि पाचव्यालाही तितकंच ऊन पाणी मिळतं. त्याचं पाणी संपत म्हणून नाही.

साठवणीच्या गिझरचं पाणी संपतं. २५ लिटरचा गिझर ६० अंशांपर्यंत तापवला आणि त्यात गार पाणी मिसळलं, तर सुमारे ५० लिटर ऊन पाणी हाती येतं. बादलीनं तीन जणांची आंघोळ होते. शॉवरनं एकाचीच, आणि तीही सहा मिनिटांची! त्यानंतर गिझर पुन्हा पुरता तापायला दोन किलोवॉटवर पस्तीस मिनिटं लागतात. १५ लिटरचा घेतला तर निम्म्याहून जेमतेम थोडं अधिक पाणी, म्हणजे शॉवरची चार मिनिटंसुद्धा पुरी नाहीत.

आता ही पस्तीस मिनिटं कुणाच्या वाट्याला येतात ते पाहा. कॉलेजात जाणारा मुलगा गाणं म्हणत शॉवरखाली उभा राहतो. मग यजमानांची घाई. मग मुलीचं केस धुणं. घरातली बाई डबे भरून, दूध तापवून, ओटा आवरून बाथरूमच्या दाराशी पोचते तेव्हा तोटीतून गार पाणी येत असतं. तिची कामावर जायची वेळ झालेली असते, म्हणून ती तसंच अंगावर घेते आणि कुणाला काही बोलतही नाही. गिझर निवडताना घरातली माणसं मोजतात, पण या शेवटच्या माणसाला बहुधा धरत नाहीत. दुकानदाराला "आम्ही चौघं" असं सांगू नका. "शॉवरनं दोन, बादलीनं दोन, आणि सगळं पाऊण तासात" असं सांगा.

खरी परीक्षा म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट. तेल-उटणं लावून सगळं घर सूर्योदयाआधी न्हायचं असतं, त्यात नणंद मुलांना घेऊन आलेली असते. त्या दिवशी शॉवर विसरून बादलीच बरी, गिझर कुठलाही असो.

बिलाचंही याच हिशेबात सांगून टाकते. एक बादली पाणी तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज जाते, मग इन्स्टंट असो की साठवणीचा. सहा मिनिटांच्या शॉवरला तीन बादल्यांहून अधिक पाणी, म्हणजे एका युनिटाच्या वर. चौघांनी बादली घेतली तर थंडीच्या महिन्यात चाळीस-पंचेचाळीस युनिटं, चौघांनी शॉवर घेतला तर एकशेतीसच्या पुढे. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दराचा टप्पा बदलतो. त्यामुळे हा फरक नुसत्या युनिटांचा राहत नाही, वरची युनिटं चढ्या भावानं पडतात. "इन्स्टंटला वीज जास्त लागते हो" असं शेजारणी सांगतात ते अर्धंच खरं. जोर जास्त असतो, पण वेळ कमी असतो. साठवणीचा गिझर दिवसभर चालू ठेवला तर मात्र नुसत्या उभ्या उभ्या पाणी निवण्यातच वीज वाया जाते. तारांकनाच्या लेबलावर जास्त तारे असलेला घेतला की ही गळती कमी होते, आणि आंघोळीआधी अर्धा तास लावून मग बंद केला की जवळजवळ उरतच नाही.

दोघांचं जमत नाही

काही घरांत इन्स्टंट गिझर आहे, आणि हौसेनं त्यालाच मिक्सर जोडलेला आहे. मग तक्रार सुरू होते, "पाणी एकदा कढत येतं, एकदा गार येतं, गिझर बिघडलाय." गिझर बिघडलेला नसतो. वाहत्या पाण्याला तापवण्याचं त्याचं काम. मिक्सरनं आपण गार पाणी वाढवलं, की गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं. कमी पाणी जास्त तापतं. ठरावीक अंशापुढे गेलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, आणि मग मागून येतं ते गार पाणी. आपण घाबरून गरमची तोटी मोठी करतो, गिझर पुन्हा सुरू होतो, आणि असा खेळ आंघोळ संपेपर्यंत चालतो.

यावर उपाय सोपा आहे. इन्स्टंटच्या पाण्यात विसण घालायचंच नाही. गार पाण्याची तोटी बंद ठेवून, गरमचीच धार लहान-मोठी करायची. धार बारीक केली की पाणी कढत, मोठी केली की कोमट. इंग्लंडातल्या त्या पांढऱ्या पेटीतही मूळ युक्ती हीच.

साठवणीच्या गिझरला मात्र मिक्सर उत्तम शोभतो, एका अटीवर. गरम आणि गार दोन्ही पाणी एकाच टाकीतून आलेलं हवं, म्हणजे दोन्हींचा जोर सारखा राहतो. गिझरला गच्चीवरच्या टाकीचं पाणी आणि गार तोटीला थेट नगरपालिकेच्या नळाचं, अशी जोडणी असली की सकाळी नळाला जोर असताना गार पाणी गरमला मागे ढकलतं. मिक्सर कितीही महागाचा आणा, तो तरी काय करणार? आणखी एक खोड लक्षात ठेवा. हातात धरायचा शॉवर बटणानं बंद करून मिक्सर तसाच उघडा ठेवला, तर गरम-गार पाणी आतल्या आत एकमेकांत शिरतं आणि गिझरचं ऊन पाणी बेसिनच्या गार नळातून येऊ लागतं. पाणी नेहमी मिक्सरवरच बंद करावं.

वीज चालू असताना अंगावर पाणी

माझ्या मते निवड करताना सगळ्यांत वजन द्यायचं ते या गोष्टीला, आणि दुकानात हिच्याविषयी कुणी अवाक्षर काढत नाही. साठवणीचा गिझर तापवून, बटण बंद करून मग आंघोळीला जाता येतं. इन्स्टंट गिझर आणि विजेचा शॉवर यांच्या बाबतीत ते शक्य नाही. अंगावर पाणी पडत असतं तेव्हा वीज चालूच असते.

नव्या इमारतीत, जिथं अर्थिंग नीट आहे, गिझरला मीटरच्या पेटीपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी आहे, आणि वीज गळताच ती तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली आहे, तिथं भिण्याचं कारण नाही. पण आपल्या गावांतले जुने वाडे, चाळी, तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे फ्लॅट यांत अर्थिंगची तार प्लगपर्यंत आली आहे की नुसतं तिसरं भोक आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं. अशा घरात आधी वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबी बसवून घ्या, आणि तिच्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खट्‌कन पडली पाहिजे. हे होईपर्यंत साठवणीचा गिझर, आणि आंघोळीआधी बटण बंद, ही शिस्त. पाहुण्यांनाही सांगायला संकोचू नये.

नळालाच जोडायचे "झटपट गरम पाणी" देणारे विजेचे नळ बाजारात मिळतात, स्वस्तही असतात. न्हाणीघरात ते मला पसंत नाहीत. बादलीत सोडायची रॉड तर त्याहून वाईट. वीज बंद न करता पाणी तापलं का पाहायला बादलीत बोट घालण्याची सवय कितीतरी जणींना असते.

धारेची परीक्षा

शॉवरची धार गिझरवर अवलंबून नसते, टाकीवर असते. टाकी शॉवरच्या जाळीपेक्षा जितकी उंच तितका पाण्याला जोर. दहा मीटर उंचीला एक बार, असा हिशेब आहे. चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारीला पुरेसा जोर मिळतो, आणि सगळ्यांत वरच्या मजल्यावर, जिथं टाकी डोक्यावर जेमतेम अडीच मीटर असते, तिथं पाव बारसुद्धा धड नाही. तोच ताटाएवढा शॉवर खालच्या बिऱ्हाडात पाऊस पाडतो आणि वरच्या बिऱ्हाडात ठिबकतो.

म्हणून शॉवर विकत घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करा. जिथं शॉवर लागायचा आहे त्या तोंडाला जाळी न लावता १५ लिटरची बादली भरा आणि घड्याळ पाहा. दोन मिनिटांत भरली तर कुठलाही साधा शॉवर चालेल. चार मिनिटं लागली तर लहान जाळीचा, हातात धरायचा घ्यावा, नाही तर प्रेशर पंपाचा खर्च धरावा. पंप लावणार असाल किंवा उंच इमारतीत खालच्या मजल्यावर असाल, तर गिझर ८ बार दाब सोसणारा मागून घ्या. तसं त्याच्यावर लिहिलेलं असतं.

गॅसचा गिझर, पण कुठे?

वीज महाग म्हणून पुष्कळ घरांत गॅसचा गिझर येतो. त्याचा वेग मोठा, धार भरघोस. मिनिटाला सहा लिटर तापवणारा गॅस गिझर तीन विजेच्या इन्स्टंट गिझरांइतकं काम करतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये चारशेच्या आसपास बादल्या तापतात. सगळं खरं. पण तो बाथरूमच्या आत लावायचा नाही. कितीही अडचण असो, आत नाहीच.

गॅस जळायला हवा लागते. बंद बाथरूममध्ये हवेतला प्राणवायू कमी पडू लागला, की ज्योत अपुरी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चरचर नाही. सिलिंडर गळला तर आपल्याला कळतं, कारण त्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो. इथं गॅस गळतच नाही, नीट जळल्यासारखा दिसतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, आणि कडी काढायला हात उचलावा तर अंगात त्राण राहत नाही. बाहेरच्यांना पाण्याचा आवाज येत असतो, त्यांना वाटतं आंघोळ चालली आहे. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात. बळी गेलेल्यांत तरुण मुली, नवी जोडपी असतात.

एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, या भरवशावर राहू नका. गॅस गिझर मोकळ्या हवेच्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावावा, आणि गरम पाणी तेवढं नळीनं आत आणावं. गॅलरी काचा लावून बंद केलेली असेल तर तीही चालणार नाही. आणि कधी आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार ठोठावत बसू नका. दार उघडा किंवा तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि थेट दवाखान्यात न्या.

खारं पाणी, म्हातारी माणसं आणि पोरं

सोलापूर-लातूरकडे, किंवा कुठंही बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरी, चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो तो तुम्ही पाहिलाच असेल. तोच थर गिझरच्या कॉइलवर बसतो. मग पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं आणि एक दिवस कॉइल जाते. अशा गावी गिझर फार कढत ठेवू नये, थर ६० अंशांच्या पुढे अधिकच झपाट्यानं धरतो. साठवणीच्या गिझरात मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. वर्षा-दोन वर्षांनी मेकॅनिक आला की "ती कांडी बघा" असं आवर्जून सांगा, सहसा कुणी आपणहून पाहत नाही. शॉवरची भोकं बुजली तर जाळी काढून गरम पाण्यात लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा. टाचणीनं भोकं मोठी करत बसू नका.

त्याच गिझरला खाली, गार पाण्याच्या तोंडाशी, एक छोटा झडपेचा तुकडा असतो. पाणी तापताना त्यातून थेंब थेंब गळतं. ते गळायलाच हवं, कारण तापलेलं पाणी फुगतं आणि वाढलेला दाब तिथून बाहेर पडतो. "गळतंय" म्हणून ते तोंड कापसानं किंवा बुचानं बंद केलेली घरं आहेत. तसं केलं तर गिझर म्हणजे शिट्टी काढून तोंड बांधलेला कुकर!

घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मिक्सरबद्दल आणखी सावध. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाचीही कातडी पाच-सहा सेकंदांत भाजतं, मुलांची त्याआधीच. आजींना आच उशिरा जाणवते, आणि पाय मागे घ्यायलाही वेळ लागतो. अशा घरी गिझर ५० अंशांवर ठेवावा. ऊन पाणी थोडं कमी मिळेल, २५ लिटरांत अडीच बादल्या, पण ते परवडलं. आधी गार तोटी, मग गरम, आणि बंद करताना आधी गरम, हे मुलांना एकदा हात धरून शिकवा. ठरावीक उष्णतेचंच पाणी देणारे थर्मोस्टॅटचे मिक्सरही मिळतात. चांगले असतात, महाग असतात, आणि त्यांना पाण्याचा जोर चांगला लागतो. आजींसाठी मात्र कुठल्याही शॉवरपेक्षा पाट किंवा प्लॅस्टिकचं बैठं स्टूल, भिंतीला एक घट्ट कडी आणि बादली हेच सुखाचं.

मग घ्यावा कुठला?

दोन माणसांचं बिऱ्हाड, भाड्याची जागा, बादलीची सवय आणि वायरिंग चांगलं, तर तीन लिटरचा इन्स्टंट. खर्च कमी, जागा कमी, घर बदललं की काढून नेता येतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावी मात्र त्याचा उपयोग नाही. साठवणीच्या गिझरातलं पाणी वीज गेल्यावरही काही तास ऊन राहतं.

चार-पाच माणसं, स्वतःचा फ्लॅट आणि मुलांना शॉवरचाच हट्ट, तर २५ लिटरचा साठवणीचा आणि साधा दोन चाकांचा मिक्सर. १५ लिटर घेऊन काटकसर करू नका, ती काटकसर सकाळी शेवटच्या आंघोळीला भोवते. गच्ची स्वतःची असेल, किंवा सोसायटी राजी असेल, तर सौर बंबाचा विचार जरूर करा. पावसाळ्यात त्याला विजेची जोड लागते, आणि नळी लांब असली की पहिली काही तांबे गार पाणी येतं, ते बादलीत धरून फरशी पुसायला ठेवावं.

विजेचा शॉवर परदेशासारखा हवाच असेल, तर आधी वायरमन, मग दुकानदार, असा क्रम ठेवा. आणि तीन किलोवॉटचं काहीही "शॉवर" म्हणून कुणी विकत असेल तर त्याला डिसेंबरात आंघोळ करून दाखवायला सांगा!

प्लंबर कामाला लागला की तेवढा वेळ बाथरूमच्या दाराशी उभ्या राहा. गरम पाणी डावीकडे आणि गार उजवीकडे ही रीत आहे, ती त्याच्याकडून मोडली जाऊ देऊ नका, पाहुणा हमखास भाजतो. गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर हवं. गिझर दाराच्या वर अशा जागी लावू नका, की कांडी बदलायला शिडी ठेवता येणार नाही. मिक्सर घेताना खाली बादलीचा नळ असलेलाच मागा. पुष्कळ नव्या मिक्सरांना तो नसतो, आणि भिंतीला टाइल्स बसल्यावर आठवण होते, की धुणं भिजवायला, फरशी पुसायला आणि बाळाच्या टबात पाणी घ्यायला ऊन पाणी कुठून काढायचं? नळाच्या तोटीपासून जमिनीपर्यंत आपली नेहमीची बादली, कडीसकट, सरळ मावते की नाही, ते टाइल्स लागण्याआधी बादली ठेवूनच पाहा.